मूल्यमर्यादेनुसार नोंदींची निवड : एस्क्यूएलमधील ‘बिट्वीन’ या अटीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकीय डेटाबेसला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. ‘अमुक क्रमांकाचा विद्यार्थी कोण?’ हा पहिल्या प्रकारचा प्रश्न होय. त्याचे उत्तर एका नेमक्या मूल्याशी जुळणारी नोंद शोधून मिळते. ‘अमुक दोन तारखांच्या दरम्यान शुल्क भरणारे विद्यार्थी कोणते?’ हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न आहे. येथे मूल्य एक नसून मूल्यांचा एक पट्टा असतो, आणि त्या पट्ट्याला दोन टोके असतात. एस्क्यूएल या प्रश्नभाषेत अशी अट मांडण्यासाठी ‘बिट्वीन’ हा शब्द योजला जातो. स्तंभाचे नाव, त्यापुढे ‘बिट्वीन’, मग खालची मर्यादा, ‘अँड’ आणि वरची मर्यादा, एवढीच तिची रचना आहे.

ही अट इतकी साधी दिसते की पाठ्यपुस्तकांतून ती चार-दोन ओळींत आटोपली जाते. तथापि तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे : टोके आत धरायची की बाहेर? या प्रश्नाचे उत्तर गणित देत नाही. ते कोणीतरी ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात मूल्यमर्यादेनुसार निवड करण्याच्या पद्धतीचा पंच कार्डापासून आजपर्यंतचा प्रवास पाहून, टोकांविषयीचा हा निर्णय कोणत्या टप्प्यावर कोणाच्या हाती होता, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पंच कार्डाचा काळ : क्रम लावा आणि सलग भाग उचला

अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची कार्डयंत्रे वापरली गेली. प्रत्येक व्यक्तीसाठी एक कार्ड आणि प्रत्येक माहितीसाठी ठरावीक जागी एक छिद्र, अशी ती व्यवस्था होती. हॉलरिथ यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेली कंपनी १९११ च्या विलीनीकरणानंतर, १९२४ पासून ‘आयबीएम’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९२८ मध्ये तिने ८० स्तंभांचे कार्ड प्रचारात आणले आणि पुढील कित्येक दशके कार्यालयीन माहितीचा बहुतेक व्यवहार या कार्डावर चालला.

कार्डे वेगळी करणारे यंत्र एका वेळी एकाच स्तंभातील छिद्र वाचत असे. त्यामुळे दोन अंकी वयानुसार कार्डे लावायची असल्यास प्रथम एकं स्थानाच्या स्तंभावर आणि नंतर दहं स्थानाच्या स्तंभावर, अशा दोन फेऱ्या कराव्या लागत. एकदा गठ्ठा क्रमाने लागला की १८ ते ४५ या वयोगटाची कार्डे सलग एका जागी येत. मग कर्मचाऱ्याने पहिले कार्ड व शेवटचे कार्ड शोधून मधला गठ्ठा उचलायचा, एवढेच काम उरत असे.

या पद्धतीतून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, मूल्ये क्रमाने लावलेली असतील तर मर्यादेनुसार निवड म्हणजे केवळ एक सलग भाग उचलणे होय. हे तत्त्व पुढील सर्व तंत्रांचा पाया ठरले. दुसरी, ४५ वर्षांची कार्डे गठ्ठ्यात घ्यायची की नाहीत, हा निर्णय कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष डोळ्यांसमोर घ्यावा लागे. टोकाचे कार्ड त्याच्या बोटांत असे. सीमा दृश्य होती.

कॉड यांचा सिद्धांत आणि बी-ट्रीची रचना

१९५६ मध्ये आयबीएमने ‘रामॅक’ या यंत्रासोबत फिरत्या तबकडीवरील साठवण आणली. चुंबकीय फितीवर आरंभापासून पुढे सरकत जावे लागे. तबकडीवर मात्र हव्या त्या जागी थेट पोचता येऊ लागले. परंतु साठच्या दशकातील डेटाबेसमध्ये नोंदी कोणत्या क्रमाने ठेवल्या आहेत व एका नोंदीपासून दुसरीकडे कसे जायचे, हे आज्ञावली लिहिणाऱ्यास ठाऊक असावे लागे. साठवणीचा क्रम बदलला की आज्ञावली कोलमडत असे.

एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या अवलंबित्वावर बोट ठेवले. नोंदींच्या क्रमावरील, इंडेक्सवरील आणि माहितीपर्यंत पोचण्याच्या मार्गावरील, अशी तीन अवलंबित्वे त्यांनी दाखवून दिली आणि माहितीकडे संबंधांच्या, म्हणजेच तक्त्यांच्या, स्वरूपात पाहण्याचा प्रस्ताव मांडला. तक्त्यातील ओळींना स्वतःचा असा क्रम नसतो, हे त्यांच्या मांडणीतील एक मूलभूत सूत्र होय.

येथे एक ताण निर्माण होतो. मर्यादेनुसार निवड जलद व्हावयाची तर क्रम हवा. कॉड यांच्या सिद्धांतानुसार प्रश्नकर्त्याने साठवणीच्या क्रमावर विसंबता कामा नये. या ताणाची उकल त्याच सुमारास एका वेगळ्या प्रयोगशाळेत होत होती. बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी ‘बी-ट्री’ ही इंडेक्सची रचना तयार केली. तिचे पहिले निवेदन १९७० मध्ये आणि विस्तृत लेख १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. या वृक्षाच्या प्रत्येक गाठीत अनेक मूल्ये क्रमाने असतात. नव्या नोंदी आल्या तरी गाठी दुभंगून वृक्ष समतोल राहतो आणि मुळापासून पानापर्यंतचे अंतर सर्वत्र सारखे राहते. पुढे रूढ झालेल्या तिच्या एका प्रकारात सर्व मूल्ये पानांवर ठेवून पाने एकमेकांना साखळीसारखी जोडली गेली. खालची मर्यादा शोधण्यासाठी एकदा मुळापासून खाली यावे आणि मग वरची मर्यादा येईपर्यंत पानापानाने पुढे सरकावे, अशी ही क्रिया आहे. हॉलरिथच्या कार्डांतून सलग गठ्ठा उचलण्याचीच ती नवी आवृत्ती म्हणता येईल. क्रम इंडेक्सच्या पोटात गेला आणि प्रश्नकर्ता त्यापासून मुक्त झाला. मात्र टोकाचे कार्डही त्याच्या हातून सुटले.

सीक्वेल : सामान्य वापरकर्त्यासाठी भाषा

कॉड यांची मूळ मांडणी गणिती चिन्हांत होती. ती सर्वसामान्य इंग्रजी शब्दांत आणण्याचे काम आयबीएममधील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी हाती घेतले. त्यांचा ‘सीक्वेल’ या भाषेवरील निबंध मे १९७४ मध्ये अ‍ॅन आर्बर येथील परिसंवादात मांडला गेला. बॉइस यांचे त्याच वर्षी अकाली निधन झाले. व्यावसायिक आज्ञावलीकाराबरोबरच डेटाबेसचा अधूनमधून वापर करणाऱ्या व्यक्तीसाठीही ही भाषा आहे, अशी त्यामागील भूमिका होती. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तिच्या आकलनसुलभतेच्या चाचण्याही घेण्यात आल्या. पुढे व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे तिचे नाव ‘एस्क्यूएल’ असे झाले.

‘बिट्वीन’ ही अट याच भूमिकेचे अपत्य आहे. तर्कदृष्ट्या तिची गरज नाही. ‘मूल्य खालच्या मर्यादेइतके किंवा त्याहून अधिक, आणि वरच्या मर्यादेइतके किंवा त्याहून कमी’ अशा दोन तुलना जोडल्या की तोच अर्थ मिळतो. परंतु बोलताना माणूस दोन तुलना जोडत नाही; तो ‘या दोहोंच्या मधले’ असे म्हणतो. भाषा माणसाच्या जवळ आणायची तर हा शब्द घेणे ओघाने आलेच.

अडचण अशी की बोलीतील ‘मधले’ हा शब्द टोकांविषयी मौन बाळगतो. मराठीतही हे सहज दिसते. ‘पुणे आणि मुंबई यांच्या दरम्यानची स्थानके’ असे म्हटले तर पुणे व मुंबई वगळून लोणावळा, कर्जत, कल्याण डोळ्यांपुढे येतात. ‘सोमवार ते शुक्रवार कार्यालय उघडे’ असे म्हटले तर सोमवारही धरला जातो आणि शुक्रवारही. ‘आठ दिवसांनी या’ असे रविवारी सांगितले तर ऐकणारा पुढच्या रविवारी येतो. कारण तो दोन्ही रविवार मोजतो. सात वारांच्या कालखंडाला आपण ‘आठवडा’ म्हणतो, तेही या मोजणीशी जुळणारेच आहे. संदर्भ पाहून अर्थ लावण्याची ही लवचीकता यंत्राला परवडत नाही. म्हणून एस्क्यूएलने एक अर्थ कायमचा निश्चित केला : दोन्ही टोके आत.

हा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. तथापि तो शब्दाच्या आड गेला. दोन तुलना लिहिताना ‘इतके किंवा’ हे शब्द लिहावे की गाळावे, याचा विचार करणे भाग पडते. ‘बिट्वीन’ लिहिताना तो करावा लागत नाही. मर्यादा उलट क्रमाने दिल्या, उदाहरणार्थ ५० आणि १०, तर एकही नोंद मिळत नाही आणि चूक झाल्याची सूचनाही येत नाही. दोन्ही क्रम चालवून घेणारा ‘सिमेट्रिक’ हा पर्याय प्रमाणभाषेत १९९९ च्या आवृत्तीत आला; सर्व प्रणालींनी तो स्वीकारला नाही.

अंदाज आणि आभासी नोंदी

एस्क्यूएलमध्ये काय हवे ते सांगायचे असते. कसे आणायचे ते प्रणाली ठरवते. आयबीएमच्या ‘सिस्टीम आर’ या प्रायोगिक प्रकल्पात हे ठरवण्याची रीत पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ च्या निबंधात मांडली. मागितलेला पट्टा अरुंद असेल तर इंडेक्समधून जाणे हितावह. पट्ट्यात निम्मा तक्ता येत असेल तर सगळा तक्ता सरळ वाचणेच स्वस्त. म्हणून पट्ट्यात किती नोंदी येतील याचा आधी अंदाज हवा. मूल्ये संख्यात्मक असतील व सर्वांत लहान-मोठी मूल्ये ज्ञात असतील तर पट्ट्याच्या रुंदीला एकूण रुंदीने भागावे, आणि काहीच ज्ञात नसेल तर एकचतुर्थांश नोंदी येतील असे धरावे, असा त्यांचा नियम होता. समानतेच्या अटीसाठी एकदशांश आणि एकाच बाजूने मर्यादा असलेल्या अटीसाठी एकतृतीयांश, असे तेथील अन्य गृहीत अंश होत. आजच्या प्रणाली मूल्यांच्या वितरणाचे तपशीलवार आलेख ठेवतात. परंतु आधी अंदाज व मग मार्ग, ही चौकट तीच आहे.

याच प्रयोगशाळेतील कपाली ईश्वरन, जिम ग्रे, रेमंड लोरी आणि आयर्विंग ट्रेगर यांनी १९७६ मध्ये आणखी एक पेच पुढे आणला. एका व्यक्तीने विशिष्ट पट्ट्यातील नोंदी मोजल्या आणि तिचे काम संपण्यापूर्वी दुसऱ्याने त्याच पट्ट्यात नवी नोंद घातली, तर फेरमोजणीत संख्या बदलते. असलेल्या नोंदींना कुलूप लावता येते. अद्याप अस्तित्वातच नसलेल्या नोंदीला कसे लावणार? या नोंदींना त्यांनी ‘फँटम’, म्हणजे आभासी, असे नाव दिले. अटीलाच कुलूप लावावे, असे उत्तर त्यांनी सुचवले. पुढे व्यवहारात इंडेक्समधील लगतच्या मूल्यांना व त्यांमधील रिकाम्या जागेला कुलूप लावण्याच्या पद्धती रूढ झाल्या. मर्यादा ही केवळ असलेल्या नोंदींविषयी नसून येऊ शकणाऱ्या नोंदींविषयीही असते, हा या संशोधनाचा तात्त्विक आशय आहे.

काळाची टोके

१९८६ मध्ये अमेरिकेच्या आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने एस्क्यूएलला मान्यता दिली. त्या पहिल्या प्रमाणभाषेत दिनांकासाठी स्वतंत्र प्रकार नव्हता. दिनांक, वेळ व दोहोंचा संयुक्त असा क्षणाचा प्रकार १९९२ च्या आवृत्तीत आला. निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रणालींनी मात्र त्याआधीच आपापले प्रकार रूढ केले होते.

पूर्णांकांच्या जगात दोन्ही टोके आत धरणे निर्धोक असते, कारण १९९९ नंतर थेट २००० येतो. काळ तसा नाही. आर्थिक वर्षातील व्यवहार मागताना ‘१ एप्रिल आणि ३१ मार्च यांच्या मधले’ अशी अट लिहिली आणि स्तंभात दिनांकासोबत वेळही साठवलेली असली, तर ३१ मार्च याचा अर्थ बहुतेक प्रणालींत त्या दिवसाचा आरंभीचा क्षण, म्हणजे मध्यरात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटे, असा घेतला जातो. परिणामी ३१ मार्चला दिवसभरात झालेले सर्व व्यवहार वगळले जातात. आपल्याकडे वर्षअखेरचा हाच दिवस सर्वाधिक गर्दीचा असतो. अहवाल तयार होतो, बेरीज येते, कोठेही दोष दाखवला जात नाही. केवळ एक दिवस नाहीसा झालेला असतो.

यावर काहींनी वरची मर्यादा रात्री ११ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंद अशी लिहिण्याची वाट काढली. तीही निसरडी आहे. मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हरमधील जुना ‘डेटटाइम’ हा प्रकार सेकंदाच्या सुमारे तीनशेव्या भागापर्यंतच अचूक आहे. त्यात शेवटच्या सेकंदाचा ९९९ वा सहस्रांश लिहिला तर तो पुढच्या दिवसाच्या मध्यरात्रीत रूपांतरित होतो. एक दिवस वाचवताना दुसऱ्या दिवसाच्या नोंदी आत येतात.

या समस्येचे शास्त्रीय विवेचन एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात वेगळ्या संदर्भात आढळते. २ ते १२ ही संख्यामाला दर्शवण्याच्या चार रीती त्यांनी ताडून पाहिल्या. खालचे टोक आत आणि वरचे बाहेर, म्हणजे ‘२ पासून, १३ च्या अलीकडे’, ही रीत त्यांनी श्रेष्ठ ठरवली. तिच्यात दोन मर्यादांची वजाबाकी म्हणजेच मालेची लांबी असते, आणि एका मालेचे वरचे टोक तेच पुढच्या मालेचे खालचे टोक असते. नोंदींच्या निवडीसाठी हा दुसरा गुण विशेष मोलाचा आहे. वेतनाचे गट १०,००० ते २०,००० आणि २०,००० ते ३०,००० असे ‘बिट्वीन’ने केले तर नेमके २०,००० वेतन असलेली व्यक्ती दोन्हीकडे मोजली जाते. पहिला गट १९,९९९ वर थांबवला तर १९,९९९ रुपये ५० पैसे मिळवणारी व्यक्ती कोठेच राहत नाही. एकच टोक आत धरल्यास दोन्ही दोष टळतात.

प्रमाणभाषेनेही कालांतराने हीच दिशा धरली. २०११ च्या आवृत्तीत कालखंडाची संकल्पना आली तेव्हा आरंभ आत व शेवट बाहेर असा तिचा अर्थ ठरवण्यात आला. पोस्टग्रेस्क्यूएल या मुक्त प्रणालीने २०१२ मधील ९.२ आवृत्तीत मर्यादेलाच स्वतंत्र प्रकाराचा दर्जा दिला. त्यात प्रत्येक टोक आत की बाहेर हे कंसाच्या आकाराने लिहिता येते. ‘बिट्वीन’ मात्र आपल्या जुन्या अर्थासह कायम आहे, कारण तो बदलल्यास जगभरातील असंख्य जुन्या आज्ञावल्यांची उत्तरे बदलतील.

अक्षरे आणि अज्ञात मूल्ये

शब्दांच्या बाबतीत मर्यादा आणखी सूक्ष्म होते, कारण तेथे क्रमच वादग्रस्त असतो. ‘क’ आणि ‘म’ यांच्या मधली आडनावे मागितली तर ‘मोरे’ हे आडनाव मिळत नाही. ‘म’ या एकाक्षरी शब्दानंतर त्याचा क्रम लागतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा परंपरेने ‘ह’ नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. त्यामुळे केवळ संकेतांकांच्या क्रमाने तुलना केल्यास ‘कानडे’ ते ‘कासार’ या पट्ट्यात ‘काळे’ सापडतात. पारंपरिक वर्णक्रम लावल्यास ते ‘कासार’ नंतर, पट्ट्याबाहेर जातात. अट तीच, नोंदी त्याच, उत्तरे दोन.

याहून गंभीर बाब अज्ञात मूल्यांची आहे. ज्या नोंदीत वयाची जागा रिक्त आहे ती ‘१८ आणि ४५ यांच्या मधले’ या अटीत बसत नाही. आणि ‘१८ आणि ४५ यांच्या मधले नसलेले’ या उलट अटीतही बसत नाही. एस्क्यूएलच्या तर्कात सत्य व असत्य यांखेरीज ‘अज्ञात’ हे तिसरे मूल्य आहे आणि निवडीत केवळ सत्य ठरलेल्या नोंदी घेतल्या जातात. दोन याद्यांची बेरीज एकूण संख्येइतकी येईल, ही सामान्य समजूत येथे फोल ठरते. जन्मदाखला नसलेली व्यक्ती दोन्ही याद्यांतून निसटते.

कायद्याची भाषा आणि यंत्राची भाषा

टोकांचा हा प्रश्न संगणकाच्या फार आधी विधिनियमांना पडला होता. भारतातील १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या कलम ९ नुसार, केंद्रीय कायद्यात कालावधी सांगताना ‘पासून’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरल्यास पहिला दिवस वगळता येतो आणि ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द वापरल्यास शेवटचा दिवस समाविष्ट करता येतो. म्हणजे खालचे टोक बाहेर, वरचे आत. ‘बिट्वीन’ दोन्ही आत धरते; २०११ ची प्रमाणभाषा खालचे आत व वरचे बाहेर धरते. एकाच मुदतीचे तीन अर्थ तीन व्यवस्थांत होतात, आणि कायद्यातील मुदत जेव्हा क्वेरीत उतरवली जाते तेव्हा या तिन्हींची गाठ एका ओळीत पडते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २१-क मध्ये आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ‘सहा ते चौदा वर्षे’ वयाच्या बालकांचा उल्लेख आहे. ही अट डेटाबेसमध्ये उतरवताना पूर्ण झालेल्या वर्षांचा स्तंभ घेऊन ‘६ आणि १४ यांच्या मधले’ असे लिहिले, तर चौदा वर्षे अकरा महिन्यांचे मूल यादीत येते. जन्मदिनांकावरून चौदाव्या वाढदिवसापर्यंतच मर्यादा धरली तर तेच मूल बाहेर राहते. दोन्ही क्वेरी व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. त्यांतील कोणती कायद्याला अभिप्रेत आहे, हे ठरवण्याचा अधिकार क्वेरी लिहिणाऱ्याचा नाही. पण त्याने विचारले नाही तर तो निर्णय नकळत तोच घेऊन बसतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की मूल्यमर्यादेनुसार निवडीचे तंत्र सव्वाशेहून अधिक वर्षांत वेगाने सुधारले. कार्डांच्या फेऱ्यांची जागा बी-ट्रीने घेतली, मार्गनिवड प्रणालीकडे गेली, आभासी नोंदींनाही कुलूप लागले. या प्रत्येक सुधारणेने प्रश्नकर्त्याचे श्रम कमी केले आणि त्याच प्रमाणात टोकाचे कार्ड त्याच्या नजरेआड केले. ‘बिट्वीन’ या शब्दाने भाषा सुगम केली, हे तिचे यश नाकारता येत नाही. परंतु त्या सुगमतेत सीमेचा निर्णय झाकला गेला, हेही तितकेच खरे.

अध्यापनात ही अट केवळ वाक्यरचना म्हणून न शिकवता, प्रत्येक टोकासाठी ‘हे आत का?’ असा प्रश्न विचारण्याची सवय लावणे आवश्यक वाटते. काळाच्या स्तंभासाठी ‘पासून’ आणि ‘च्या अलीकडे’ अशा दोन तुलना स्वतंत्रपणे लिहिणे, रिक्त मूल्यांची गणती वेगळी देणे आणि कायद्यातील मुदतीचा अर्थ संबंधितांकडून लेखी निश्चित करून घेणे, या तीन साध्या गोष्टींनी बऱ्याच चुका टळू शकतात. यादीच्या मध्यभागी असलेल्यांना मर्यादेची झळ कधीच लागत नाही. ती लागते टोकावर उभ्या असलेल्यास. पंच कार्डाच्या काळात त्याचे कार्ड निदान कोणाच्या तरी बोटांत येत होते. आज ते काम क्वेरी लिहिणाऱ्याच्या विवेकाने करावयाचे आहे.